वाढत्या अंगाचं

आमच्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतात. बाह्या लांब, फ्रॉकला खाली चार बोटं दुमड, चपला एक नंबर मोठ्या. माझ्या लहानपणी जूनमध्ये गणवेशात मी हरवून जायचे आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो मला बरोबर यायचा. लेकीला पहिलीत घातलं तेव्हा तिचाही गणवेश मी असाच शिवून घेतला. ती आता तिसरीत आहे. गणवेश तोच आहे आणि दुमडही तशीच आहे. धुऊन धुऊन वरचं कापड फिकं पडलं, पण दुमडीच्या आतला निळा रंग अजून दुकानातून आणल्यासारखा आहे. इस्त्री करताना तो दिसतो. म्हणून इस्त्रीचं काम मी नवऱ्याकडे दिलं.

लेकीच्या दोन्ही किडन्या जन्मापासून लहान. ते कळायला वेळ लागला. खात नाही, वाढत नाही म्हणून जंताचं औषध झालं, टॉनिक झाली, दृष्ट काढून झाली. शेवटी एका डॉक्टरांनी साधी रक्ताची तपासणी करायला सांगितली आणि रिपोर्ट बघून आम्हाला खुर्चीत बसायला सांगितलं. गेली दोन वर्षं ती डायलिसिसवर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी रुग्णालयात जायचं, तिथल्या मशीनमधून तिचं रक्त फिरवून स्वच्छ करून घ्यायचं, दुपारी घरी. एरवी शाळा.

याच्यावर उपाय म्हणजे दुसऱ्याची किडनी बसवणं. नवऱ्याला शुगर आहे, माझा रक्तगट जुळत नाही, म्हणून आम्ही दोघं पहिल्या फेरीतच बाद. जुळली ती सासूबाईंची. साठीच्या बाईचे सगळे रिपोर्ट इतके चांगले आले की डॉक्टरांनी ते पुन्हा एकदा तपासायला पाठवले. सासूबाई मंद्रूपहून आपली पिशवी घेऊन आमच्याकडे राहायला आल्या, त्या याच तयारीने. पण डॉक्टरांनी लेकीकडे बघून मान हलवली.

"मोठ्या माणसाची किडनी आहे. ती हिच्या पोटात मावली पाहिजे, हिच्या रक्तवाहिन्यांना पेलली पाहिजे. पंधरा किलो होऊ द्या, मग पुण्याला पाठवतो."

लेक तेव्हा तेरा किलोच्या आसपास होती आणि बरेच महिने तिथेच होती.

"म्हंजे किडनी हाय, डॉक्टर हाय, आन् पोट न्हाय," सासूबाई जिना उतरताना म्हणाल्या. "देणारी तयार, घेणारीच ल्हान."

"मी लहान नाही," लेक म्हणाली. "मी बारीक आहे."

मी चिंचोळीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. कुठला माल कुठल्या गाडीत, कुठल्या दिवशी, हेच काम. त्यामुळे घरातही मला कागदावर उतरवल्याशिवाय सुचत नाही. फ्रिजवर तीन याद्या असतात: औषधांची, खाण्याची आणि करायच्या कामांची. लेक त्यांची थट्टा करते. एकदा कामांच्या यादीत तिने स्वतःच्या अक्षरात खाली लिहिलं होतं, "आईने बसणे." मी त्यावर टिक केली नाही. अजून करायची आहे.

खाण्याची यादी सगळ्यांत अवघड. किडनी काम करत नसली की अंगातलं पाणी बाहेर पडत नाही, मीठ पडत नाही आणि पोटॅशियम पडत नाही. पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. हे डॉक्टरांनी मला एकदाच सांगितलं, मला ते एकदाच पुरलं. म्हणून केळं नाही, नारळपाणी नाही, शेंगदाण्याची चटणी नाही. सोलापुरात राहून शेंगाचटणी नाही म्हणजे ताटाचा कोपरा कायम मोकळा. भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. डाळीचं तसंच. पोटॅशियम पाण्यात उतरतं, ते पाण्याबरोबर जातं. राहिलेल्या भाजीला भाजीची आठवण तेवढी असते. प्यायला दिवसाला एक छोटा तांब्या, एप्रिल-मे असला तरी. त्या दिवसांत ती फ्रिजमधला बर्फाचा खडा गालात धरून बसते आणि बोलत नाही, कारण बोललं की तो लवकर विरघळतो.

वजनाचंही आम्हाला नव्याने शिकावं लागलं. डायलिसिसवरच्या मुलाची दोन वजनं असतात. मशीनला लावायच्या आधीचं आणि काढल्यानंतरचं. आधीच्या वजनात अंगात साठलेलं पाणी असतं. नंतरचं तेच खरं. पंधरा किलो नंतरच्या काट्यावर व्हायला हवे होते. हे आम्हा तिघांना कळलं होतं, पण बाकीच्या जगाला कसं सांगणार?

मागच्या हिवाळ्यात वेळ अमावास्येला, म्हणजे शेतातल्या पूजेच्या सणाला, सासूबाईंच्या हट्टाखातर तिला मंद्रूपला शेतात घेऊन गेलो. जाताना एसटीत कंडक्टरने लेकीकडे बघून माझ्या हातात फक्त मोठ्यांची तिकिटं दिली.

"एक हाफ द्या," मी म्हटलं.

"अहो ताई, एवढ्या बाळाला कशाला?"

"मी आठ वर्षांची आहे," लेक सीटवर उभी राहून म्हणाली. "मला तिकीट पाहिजे."

"आठ? मग पाढे येतात का?"

तिने त्याला सातचा पाढा म्हणून दाखवला. मागच्या सीटवरची एक बाई म्हणाली, "द्या की हो तिकीट, न्हायतर आठचा म्हणंल." तिकीट मिळालं. ते तिने अजून कंपासपेटीत ठेवलंय.

शेतात ज्वारीत कडब्याची कोप बांधून पूजा झाली आणि सगळी भावकी जेवायला बसली. त्या दिवशीचं जेवण म्हणजे सगळ्या शेंगा आणि पाल्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यात आंबवलेली थंड आंबील. म्हणजे माझ्या यादीतलं जे जे नाही, ते सगळं एका पानावर. मी डबा नेला होता. लेक डब्यातलं जेवली. पण आंबिलीचं मडकं मुलांच्या घोळक्यात होतं आणि मी भांडी आवरायला गेले होते.

दोन दिवसांनी तिचे गाल भरले. डोळ्यांखाली फुगलं. मंद्रूपच्या जावेचा व्हिडिओ कॉल आला आणि तिने स्क्रीनवरच कडाकडा बोटं मोडली.

"अगं बाई, बाळसं धरलंय की पोरीनं! गावचं अन्न लागलं बघा. शेरात काय घालता तिला, नुसतं पाणी?"

मी हसले. सांगत बसायला अंगात त्राण नव्हतं. ते बाळसं नव्हतं, ती आंबील होती. सकाळी मशीनच्या आधीच्या काट्यावर ती चौदा किलोच्या वर गेली आणि लेकीने टाळ्या वाजवल्या. दुपारी मशीनने सगळं ओढून काढलं. पायात गोळे आले, ती रडली. नंतरचा काटा पुन्हा तेराच्या आसपास. घरी येताना रिक्षात म्हणाली, "आई, आधीचंच वजन धरू या का?"

डायलिसिसच्या हॉलमध्ये तिच्याएवढं कोणी नव्हतं. सगळे मोठे. शेजारच्या खाटेवर मैंदर्गीचे एक म्हातारे आडत व्यापारी असायचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्हींत सारख्याच वेगाने बोलणारे. लेक त्यांना अज्जा म्हणायची. मशीन चालू असताना ते तिला कन्नड आकडे शिकवायचे. वंदु, यरडु, मूरु, नाल्कु. ती वीसपर्यंत पोचली होती. एका सोमवारी त्या खाटेवर दुसरेच गृहस्थ होते. लेकीने सिस्टरकडे बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "अज्जा आता येणार नाहीत गं." तिने मान डोलावली. मशीन सुरू झाल्यावर तिने आकडे म्हटले, अगदी हळू, वीसपर्यंत, आणि थांबली. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तिला कळलंय हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तिला.

त्याच सुमारास तिचं पोटॅशियम वाढायला लागलं. एकदा नाही, प्रत्येक तपासणीत. एका शुक्रवारी इतकं, की डॉक्टरांनी आधी छातीचा कागद, म्हणजे ईसीजी, काढला आणि मग आमच्याशी बोलले.

"घरात काहीतरी चाललंय," ते म्हणाले.

मी खाण्याची यादी पुढे केली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"हे सगळं बरोबर आहे."

"मग?"

"मग तुम्हीच बघा."

मी शाळेत जाऊन डब्याची अदलाबदल होते का विचारून आले. शेजारणींना सांगून ठेवलं. लेकीचं दप्तर तपासलं, तिच्या समोर, त्यामुळे ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तू सांगतीस तेवढंच देते बाई. पानी तर थेंबभर जास्त न्हाय." ते खरंच होतं. त्यांच्यासारखा तांब्या कोणी मोजत नसे. लेकीने गुळणी केली तरी त्या बघत उभ्या राहायच्या.

मी सकाळी सातला घर सोडते. त्यामुळे सकाळचा स्वयंपाक सासूबाईंचा. एका गुरुवारी कारखाना दुरुस्तीसाठी बंद होता आणि मी घरी होते. मी ओट्याशी चहा घेत उभी होते. सासूबाईंनी दुधी आणि बटाटा उकळून चाळणीत निथळला. खाली पातेलं ठेवलं होतं. भाजी बाजूला ठेवली. मग परातीत मूठभर ज्वारीचं पीठ घेतलं आणि पातेल्यातलं ते वाफाळतं पाणी पिठात ओतलं. ज्वारीच्या भाकरीचं पीठ कढत पाण्यातच मळतात. त्या मळायला लागल्या.

मी चहा खाली ठेवला. "आई, हे काय?"

"चानकी. आपल्या पोरीची. आदी तिची करते, मंग तुमच्या भाकरी."

"पाणी कुठलं घातलं?"

"भाजीचं. डाळ असली की डाळीचं येळवणी." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "का?"

"ते पाणी फेकायचं असतं."

"फेकायचं? अगं, सगळा जीव त्यातच उतरतोय की. भाजीचा चोथा खाऊन पोरगी कशी वाडंल? पुरणाचं येळवणी कुणी मोरीत वततं का? आमटी करतात त्याची."

"मी सांगितलं होतं, ते पाणी द्यायचं नाही."

"प्यायला न्हाय द्यायचं, म्हनलीस. पाजलं कुटं? पिठात घातलंय."

बाईने पाण्याचा नियम पाळला होता, वाया न घालवायचा नियमही पाळला होता, आणि नातीला पंधरा किलो करायचं कामही रोज सकाळी करत होती. दोन महिने लेक सगळ्यांत आवडीने काय खात होती, तर ती चानकी. हातावर मावेल एवढी भाकरी, तव्यावरून थेट तिच्या ताटात. डाळीच्या पाण्यामुळे चव लागायची. आम्ही म्हणायचो, काही नाही तर चानकी तरी खाते.

मी परात उचलली आणि पीठ कचऱ्यात टाकलं. सासूबाई पदराला हात पुसत तिथेच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या शुक्रवारी जे झालं, ते ह्यामुळं?"

"हो."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. थोड्या वेळाने उठून त्यांनी साध्या पाण्याचं आधण ठेवलं.

इथे गुंता सुटायला हवा होता. पोटॅशियम खाली आलं, अगदी पुढच्याच तपासणीत. डॉक्टर खूश झाले. लेकीने मात्र साध्या पाण्याची चानकी एक घास खाऊन बाजूला सारली. "ही फिकी आहे." दुसऱ्या दिवशी अर्धा घास. मिठाला बंदी, चटणीला बंदी, आणि आता भाकरीलाही चव नाही. ती ताटासमोर बसायची आणि ताटाकडे बघायची. रागवून झालं, मोबाइल दाखवून झालं, काऊ-चिऊचे घास करून झाले, आठ वर्षांच्या मुलीला. नंतरच्या काट्यावर तेराचे साडेबारा झाले. रिपोर्ट चांगले आणि मूल कमी. मी फ्रिजसमोर उभी राहून खाण्याची यादी वाचली. तिच्यात एकही चूक नव्हती.

सासूबाई त्या दिवसांत माझ्याशी फार बोलत नव्हत्या. दर वेळी भांडं हातात घेऊन विचारायच्या, "हे टाकू?" आणि मी हो म्हटलं की मोरीत ओतायच्या. एकदा ओतता ओतता म्हणाल्या, "माझी किडनी म्हातारी होत चाललीय बाई हितं बसून."

मी डॉक्टरांकडे एकटी गेले. त्यांना म्हटलं, "नियमाने वागलं तर ती खात नाही. खाल्लं तर पोटॅशियम वाढतं. मला यातलं एक काहीतरी सांगा, मी ते करीन. दोन्ही होत नाही."

त्यांनी तिचे रिपोर्ट पुन्हा समोर ओढले. मग म्हणाले, "खाऊ द्या. आपण मशीन वाढवू. आठवड्यातून चार दिवस करू. रक्त जास्त स्वच्छ झालं की जेवणात थोडी सूट देता येईल, भूकही लागेल. वाढीची इंजेक्शनंही असतात, पण पोटात अन्नच नसेल तर ती कशावर काम करणार?"

"आणि भाजीचं पाणी?"

"ते नाहीच."

चौथा दिवस म्हणजे शनिवार. तिचा सुट्टीचा, खेळायचा दिवस. आणखी एकदा सुया, आणखी एकदा पायात गोळे. मी घरी सांगितलं तेव्हा लेक म्हणाली, "मग रविवारी शाळा ठेवा, म्हणजे सगळंच होईल." तिच्या बोलण्यात टोमणा होता, पण टोमणा मारायलाही ताकद लागते, म्हणून मला बरं वाटलं. मी अधूनमधून रजा घ्यायचे, एरवी नवराच तीन सकाळी तिला नेऊन-आणून मग दुसऱ्या पाळीला जात होता. शनिवार सासूबाईंनी घेतला. त्यांनी माझ्याकडून हॉलचा मजला, सिस्टरचं नाव, रिक्षाचं भाडं असं सगळं तोंडपाठ करून घेतलं. लिहून दिलेला कागद घेतला नाही.

एका दुपारी मला ऑफिसात त्यांचा फोन आला. गेटवर गाडी लागली होती, मी घाईत होते.

"तूप चालतंय का गं तिला?"

"चालतं."

"आन् लोनी? बिनमिठाचं?"

"तेही चालतं. डॉक्टर म्हणाले, तेला-तुपाने वजन वाढतं, किडनीला त्रास नाही."

पलीकडे भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"मंग हे आदी का न्हाय सांगितलंस? फेकायचं काय काय तेवढं सांगितलंस."

फोन बंद झाला. मी गाडी रवाना केली आणि नंतर पाणी प्यायला गेले. त्या चुकीचं बोलल्या नव्हत्या. फ्रिजवरच्या कागदावर वरपासून खालपर्यंत नाही, नाही, नाही असंच होतं.

दुसऱ्या दिवशीपासून चानकीच्या पिठात कढत पाण्याबरोबर तूप पडायला लागलं. भाजून झाल्यावर वरून लोणी, आणि मिठाऐवजी भरडलेलं जिरं आणि लसूण. लेकीने वास घेतला, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि विचारलं, "अजून एक आहे?" सासूबाई तव्याकडे तोंड करून उभ्या होत्या. म्हणाल्या, "हाय की." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता, म्हणून मी तिकडे बघितलं नाही.

पुढचे महिने मला नीट आठवत नाहीत. चार दिवस मशीन, दोन दिवस शाळा, सहा दिवस चिंचोळी. मी बसमध्ये उभ्याने झोपायला शिकले. शनिवारी संध्याकाळी सासूबाई आणि लेक दोघी घरी येऊन अंथरुणावर आडव्या व्हायच्या, तोंडं एकमेकींकडे करून, आणि कुजबुजत माझ्या नकला करायच्या. नंतरचा काटा कधी दोन बोटं वर, कधी एक बोट खाली. मी तो बघणं सोडून दिलं, फक्त लिहून घ्यायचे.

मग एका रविवारी लेक चपला काढून फेकत घरात आली. "ह्या चावतात."

सासूबाई लगेच खाली बसल्या. "पाय सुजलंत. कालच तर मशीनवर हुती. पानी कुटं प्यालीस? खरं सांग."

"नाही प्यायले. देवाशप्पथ."

मी तिचा पाय मांडीवर घेतला. सूज बघायची आमची एक रीत आहे. घोट्याच्या वर अंगठा दाबून धरायचा. पाणी साठलेलं असेल तर अंगठा काढल्यावर तिथे खळगा राहतो आणि सावकाश भरतो. मी दाबला, मनात दहापर्यंत मोजलं, काढला. खळगा नाही. दुसरा पाय. तिथेही नाही. पुन्हा पहिला. कातडी लगेच वर आली, घट्ट.

"आई, गुदगुल्या होतात."

मी चप्पल तिच्या तळव्याला लावून बघितली. टाच मागे बाहेर येत होती, अगदी करंगळीच्या पेराएवढी. दोन वर्षं तिच्या चपलांची पट्टी तुटायची, तळ झिजायचा, पण त्या कधी लहान झाल्या नव्हत्या. सासूबाईंनी माझ्या हातातून चप्पल घेतली, स्वतः लावून बघितली आणि बाजूला ठेवली. मग लेकीला म्हणाल्या, "जा, गणवेश आन तुजा."

त्या दुमड उसवत बसल्या. मी आणि लेक नवी पेठेत गेलो.

दुकानदाराने तिच्याकडे बघून बाहुल्यांची चित्रं असलेला खोका काढला. "बालवाडीला का?"

"तिसरीला," ती म्हणाली आणि खोका परत सारला. "साधी दाखवा. शाळेची."

त्याने साध्या काळ्या चपला काढल्या. एक जोड बरोबर बसला. त्याने माझ्याकडे बघितलं. "एक नंबर मोठी देऊ का ताई? वाढत्या अंगाची?"

आदल्या दिवशीच्या नंतरच्या काट्यावर ती साडेतेराच्या थोडी पुढे होती. पंधरा अजून लांब. मधे आजारपण येऊ शकतं, सुईच्या जागेला जंतू लागू शकतात, सासूबाईंच्या एखाद्या रिपोर्टात काही निघू शकतं. हे सगळं मला माहीत आहे, कुठल्याही दिवशी विचारा, क्रमाने सांगेन. बरोबर बसणारा जोड समोर होता. लेक एका पायावर उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"मोठीच द्या," मी म्हटलं.

त्याने पट्टीला आतल्या बाजूला एक जादा भोक पाडून दिलं. तिने त्या घालूनच दुकान सोडलं आणि पायरीवरून मुद्दाम आवाज करत उतरली. रिक्षात बसल्या बसल्या तिला झोप लागली. चपला पायातून निसटायला लागल्या, म्हणून त्या काढून मी घर येईपर्यंत हातात धरून बसले.